उंदराचा टीबी आणि माणसाचा टीबी

रानजाई

परवा एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "उंदरात चालणारी औषधं माणसात आपटतात, तरी हे लोक उंदीर मारत बसतात." तिथेच उत्तर द्यायला घेतलं, पण ते लांबत गेलं आणि मूळ धागा भलत्याच विषयावर होता, म्हणून वेगळा काढतेय. मी टीबीच्या औषधांवर काम करते, म्हणजे उंदीर मारत बसणाऱ्यांपैकीच एक. पूर्वग्रह असणार, तो गृहीत धरून वाचा.

आधी आमच्याकडे नेमकं काय चालतं ते. बंद पेटीत उंदीर ठेवायचे आणि आत जंतूंचा अगदी बारीक फवारा सोडायचा. मात्रा अशी धरायची की प्रत्येकाच्या फुप्फुसात साधारण शंभरेक जंतू पोचावेत. दुसऱ्या दिवशी त्यातले काही उंदीर मारून त्यांची फुप्फुसं वाटायची, तो लगदा पातळ करत करत प्लेटवर पसरायचा आणि वाट बघायची. खरंच किती जंतू आत गेले हे कळल्याशिवाय पुढच्या कुठल्याच आकड्याला अर्थ नसतो. आणि ते कळायला तीन-चार आठवडे लागतात, कारण टीबीचा जंतू प्लेटवरही रेंगाळतच वाढतो. तोवर इकडे जिवंत उंदरांच्या फुप्फुसात शंभराचे दहा लाख झालेले असतात.

मग वाढ थांबते. उंदराची प्रतिकारशक्ती जागी होते, पण जंतूंना संपवू शकत नाही. महिनोन्‌महिने आकडा दहा लाखांच्या आसपास रेंगाळतो. उंदीर खातो, पितो, पिंजऱ्यात पळतो. खोकत मात्र नाही. शेजारच्या उंदराला टीबी देत नाही.

माणसाचं उलट. लागण झालेल्या दहांतल्या नऊ जणांना आयुष्यभर काहीच होत नाही. ज्यांना आजार होतो त्यांच्या फुप्फुसात गाठी होतात, गाठीचा मधला भाग मरून पांढरट, ठिसूळ होतो (आम्ही त्याला केसियम म्हणतो), तो फुटून पोकळी तयार होते आणि तिथून जंतू खोकल्यावाटे बाहेर पडतात. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जातींच्या उंदरांत हे केसियम होतच नाही.

आता दोन औषधं बघा. पायराझिनामाइड हे टीबीच्या उपचारातलं महत्त्वाचं औषध. परीक्षानळीत, नेहमीच्या आम्लतेला, ते जंतूला ढिम्म काही करत नाही. निकोटिनामाइडमुळे (ब-३ जीवनसत्त्वाचं एक रूप) प्राण्यांमधला टीबी थोडा दबतो हे १९४०च्या दशकात दिसलं होतं, म्हणून रसायनज्ञांनी त्याची भावंडं बनवून थेट उंदरांना दिली आणि १९५२च्या सुमारास हे हाती लागलं. नंतर कळलं की त्याला काम करायला आम्ल वातावरण लागतं. उंदीर नसता तर ते 'निरुपयोगी' म्हणून केराच्या टोपलीत गेलं असतं. पुढे रिफाम्पिसिन या दुसऱ्या औषधाच्या जोडीने त्यानेच टीबीचा उपचार नऊ महिन्यांवरून सहावर आणला.

दुसरं मॉक्सिफ्लॉक्सासिन. उंदरांमध्ये त्याने उपचार आणखी आखूड होईल असं स्पष्ट दिसलं. माणसांवर १९००हून जास्त रुग्णांची चाचणी झाली, २०१४ साली निकाल आला. थुंकीतले जंतू खरोखर लवकर गेले, पण चार महिन्यांनी औषध थांबवल्यावर आजार उलटण्याचं प्रमाण सहा महिनेवाल्यांपेक्षा जास्त निघालं. हे औषध केसियममध्ये नीट शिरत नाही असं पुढे दिसलं. उंदरात केसियमच नाही, तर तो ते सांगणार कसा?

त्याच उंदराने एकदा तारलं, एकदा तोंडघशी पाडलं. माझं म्हणणं एवढंच, की 'उंदीर माणसासारखा आहे का' या प्रश्नाला काही अर्थ नाही. तुम्ही काय विचारताय ते सांगा, मग कुठला प्राणी ते ठरवू.

पाणकोंबडा

वाचतोय. उंदीर खोकत नाही हे आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

कुतूहल

छान लिहिलंय ताई. मी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला रॉबर्ट कॉखची गृहीतकं शिकवतात, म्हणजे अमुक जंतूनेच अमुक रोग होतो हे सिद्ध करायचे नियम. त्यात 'जंतू निरोगी प्राण्याला टोचल्यावर तोच आजार व्हायला हवा' असं आहे. मग ज्या रोगांना प्राणीच मिळत नाही त्यांचं काय?

जुना खडू

@कुतूहल, खुद्द कॉख साहेबांचीच त्यावर पंचाईत झाली होती. १८८२ साली टीबीचा जंतू त्यांनी गिनीपिगवर सिद्ध केला, सगळं कसं पाठ्यपुस्तकात शोभेल असं. मग कॉलऱ्याच्या मागे लागले. जंतू सापडला, पण तो पाजून एकाही प्राण्याला माणसासारखा कॉलरा होईना. जंतू विष सोडत असावा असा त्यांचा कयास होता, पण दाखवणार कसं? हे घोंगडं पाऊणशे वर्षं भिजत पडलं.

ते सोडवलं कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी. त्यांनी अख्ख्या सशाला कॉलरा देण्याचा नाद सोडला. सशाचं पोट उघडून लहान आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून दोऱ्याने बांधला, त्या बंद तुकड्यात कॉलऱ्याचे जंतू टोचले आणि आतडं परत आत ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पाण्याने टम्म फुगलेला, शेजारचा न टोचलेला तुकडा रिकामा. हे १९५३ साली. १९५९ साली त्यांनी जंतू गाळून काढले आणि नुसतं गाळलेलं पाणी टोचलं, तरी आतडं फुगलं. म्हणजे विष आहे, आणि ते रक्तात जाऊन नाही तर आतड्यातच काम करतं. या सशाला जुलाब नव्हते, उलट्या नव्हत्या. 'कॉलरा झालेला ससा' तो नव्हताच. पण प्रश्नाचं उत्तर त्याच्या वीतभर आतड्याने दिलं.

याच सुमारास, १९५५ साली, मुंबईच्या हाफकिन संस्थेत दत्त आणि हब्बू यांनी सशाच्या दहाएक दिवसांच्या पिल्लांमध्ये कॉलरा घडवून दाखवला. मोठ्या सशाला होत नाही, पिल्लाला होतो. हे कॉखना सुचलं असतं तर, असं मनात येतंच.

मूळ लेखिकेच्या मुद्द्याला माझा दुजोरा आहे, म्हणून हे लांबण लावलं.

पाणकोंबडा

खडूकाका, लांबण चालू द्या. आम्ही फळ्यासमोरच बसलोय.

अर्धविराम

लेख आवडला, पण शेवटी अडलो. 'काय विचारताय ते सांगा' हे प्रयोगशाळेत ठीक. मी फिजिशियन आहे. माझ्या समोरच्या माणसाचा प्रश्न एकच असतो, आणि त्याला कुठल्या प्राण्याला काय विचारलं होतं याच्याशी घेणंदेणं नसतं.

इबोलावरचं झेडमॅप हे औषध घ्या. २०१४ साली निकाल आला, लागण होऊन पाच दिवस झाल्यावर दिलं तरी अठराच्या अठरा माकडं वाचली. औषध न मिळालेली सगळी मेली. याहून चांगला निकाल असतो का? पुढे काँगोत चार औषधांची समोरासमोर चाचणी झाली, २०१९ साली निकाल. झेडमॅप मिळालेल्यांपैकी जवळपास निम्मे दगावले. रेमडेसिव्हिरचंही तेच. दुसऱ्या दोन अँटिबॉडी औषधांच्या गटांत साधारण तिसरा हिस्सा दगावला.

दुसरं उदाहरण मला जास्त खटकतं. औषधांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएचा २००२ पासूनचा 'अॅनिमल रूल' आहे. ज्या आजारात माणसांवर चाचणी करणं शक्य नाही किंवा नैतिक नाही, तिथे परिणामकारकता प्राण्यांवर दाखवली तरी मान्यता मिळते. सुरक्षितता तेवढी माणसात बघायची. देवीवरचं टेकोव्हिरिमॅट या वाटेने २०१८ साली मंजूर झालं. माकडांना मंकीपॉक्स, सशांना रॅबिटपॉक्स (दोन्ही देवीच्याच जातकुळीतले), दोन्हीकडे झकास. मग एमपॉक्सची (मंकीपॉक्सचंच नवं नाव) साथ आली, खऱ्या रुग्णांवर चाचण्या करता आल्या. २०२४ साली काँगोतला निकाल आला: फोड बरे होण्यात औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा काडीचा फरक नाही. त्याच वर्षी दुसऱ्या प्रकारच्या विषाणूवरच्या चाचणीतही तेच.

आता यावर 'माकडाला प्रश्न वेगळा विचारला होता' असं उत्तर येणार, हे मला माहीत आहे. पण मग प्रत्येक अपयशानंतर हे म्हणता येतं. आधी सांगता येत असेल तर त्याला मी शास्त्र म्हणेन.

शून्यप्रहर

अर्धविराम, शेवटच्या परिच्छेदाला कडक +१. फक्त इबोलाच्या उदाहरणात एक गोष्ट आधी सांगता आली असती.

माकडांना विषाणूचा ठरलेला डोस स्नायूत टोचला जातो. औषध दिलं नाही तर जवळजवळ सगळी मरतात. दिलं तर, योग्य मात्रेत, सगळी वाचतात. झेडमॅप, रेमडेसिव्हिर आणि ती दोन जिंकलेली औषधं, चौघांनाही माकडांच्या परीक्षेत पैकीच्या पैकी होते. जिथे सगळ्यांना शंभर मार्क मिळतात त्या परीक्षेवरून पहिला नंबर कुणाचा हे ठरवताच येत नाही. 'औषध काही करतं का' एवढंच त्यातून कळतं. कुठलं सरस, हे त्या आकड्यांत मुळातच नव्हतं, आणि हे सांगायला जीवशास्त्र यायची गरज नाही.

माझा पेशा आकडेमोडीचा, म्हणून आणखी एक खाज. उंदरांच्या अभ्यासात गटात पाच-सहा उंदीर असतात, आणि तेही पिढ्यान्‌पिढ्या आपसांत प्रजनन करून जवळपास एकसारखे केलेले. एकाच माणसाच्या सहा जुळ्या भावांवर औषध तपासून जगाला द्यायचं, असं आहे हे. सगळ्यांचं वय एक, खाणं एक, लागण झालेला मुहूर्त एक.

रानजाई

@अर्धविराम, तुमची शंका रास्त आहे, आणि 'नंतरची पळवाट' हा आरोप आमच्या क्षेत्राला बऱ्याचदा लागूही पडतो. पण टेकोव्हिरिमॅटबद्दल काही गोष्टी खरंच आधीपासून कागदावर होत्या. माकडांना विषाणू थेट शिरेतून, मोठ्या मात्रेत दिला होता, म्हणजे मरण जवळपास ठरलेलं. मोजलं काय, तर जीव वाचला का. आणि लागणीनंतर जितक्या उशिरा औषध सुरू करावं तितका फायदा घटत जातो, हेही त्याच माकडांत दिसलं होतं. माणूस दवाखान्यात येतो तो अंगावर फोड आल्यावर. त्यातले बहुतेक मरणार नसतात. आणि चाचणीत मोजले फोड. लवकर दिलं तर जीव वाचतो का, या प्रश्नाचं उत्तर २०२४च्या चाचण्यांनीही दिलेलं नाही. माझी तक्रार माकडाबद्दल नाही. मंजुरीचा कागद वाचताना 'माकडात कधी सुरू केलं होतं' हे पान लोक उलटतच नाहीत, ही आहे.

इबोलाबद्दल एक भर. जी दोन औषधं जिंकली, त्यातलं एक इबोलातून वाचलेल्या माणसाच्या रक्तपेशींतून आलं. दुसऱ्यातल्या अँटिबॉडी माणसाची जनुकं घातलेल्या उंदरांत तयार झाल्या. दोन्ही आधी माकडांवरच तपासली गेली. तेव्हा त्या चाचणीत प्राणी हरले असं म्हणणं थोडं सोयीचं आहे.

@शून्यप्रहर, सहा जुळे भाऊ हे अगदी बरोबर. वर आमचे उंदीर इतके स्वच्छ वाढवलेले असतात की त्यांची प्रतिकारशक्ती प्रौढ माणसापेक्षा नवजात बाळाशी जास्त जुळते. २०१६ साली एका गटाने प्रयोगशाळेतले उंदीर पेट-शॉपमधल्या उंदरांबरोबर एका पिंजऱ्यात ठेवले. त्यांचे सगळे जंतू यांना लागले, काही मेलेही. जे उरले त्यांच्या प्रतिकारशक्तीच्या पेशी मोठ्या माणसाच्या पेशींसारख्या दिसायला लागल्या. आता 'घाणेरडे उंदीर' हा रीतसर शब्द झालाय आमच्यात.

शून्यप्रहर

हे माहीत नव्हतं. भारी.

उंदीर आणि माणूस यांच्या साम्यावरून एक मजेशीर भांडण आठवलं. २०१३ साली एक पेपर आला की भाजणं, मोठी दुखापत आणि जंतुविष यांना उंदराच्या जनुकांचा प्रतिसाद माणसाशी जवळपास जुळतच नाही. खूप गाजला. दीडेक वर्षात दुसऱ्या गटाने तोच डेटा घेतला, त्याच नियतकालिकात छापलं, आणि निष्कर्ष उलटा: जुळतो, आणि चांगला जुळतो. फरक कुठे, तर कुठली जनुकं मोजायला घ्यायची यात. पहिल्यांनी माणसात बदललेली सगळी घेतली, दुसऱ्यांनी दोन्हीकडे बदललेली तेवढीच. दुसऱ्यांचं मला पटत नाही. जुळणारी जनुकंच निवडली तर जुळणारच की.

तिसरी घंटा

सगळं वाचलं. मला एक विचारायचंय, आणि ते भावनिक म्हणून बाजूला सारू नका.

एड्सच्या संशोधनात शंभराहून जास्त चिंपांझींना एचआयव्ही टोचला. लागण झाली, पण मोजके अपवाद सोडले तर एड्स झालाच नाही. म्हणजे प्राणी चुकीचा आहे हे हळूहळू दिसत होतं. तरी ती जनावरं वर्षानुवर्षं एकेकटी पिंजऱ्यात राहिली. अमेरिकेने आपल्या संशोधनातले चिंपांझी निवृत्त करायला २०१३ साल उजाडलं, पूर्ण थांबवायला २०१५. 'काय विचारताय ते सांगा' ठीक. पण उत्तर मिळत नाही असं कळल्यावर थांबायचं कधी, हे कोण सांगतं?

पाणकोंबडा

हा प्रश्न मलाही पडला होता, विचारायला धीर होत नव्हता.

रानजाई

@तिसरी घंटा, एचआयव्हीच्या चिंपांझींचं समर्थन मला करता येत नाही, करणारही नाही. नियमांच्या बाजूने सांगायचं तर प्रत्येक प्रयोगाआधी समिती असते, पर्याय आहे का, संख्या कमी होईल का, वेदना कमी होतील का हे विचारलं जातं. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली मांडलेली ही तीन सूत्रं. पण समिती एकेका प्रस्तावाकडे बघते. 'हा प्राणीच या रोगासाठी बाद' असं म्हणणारं टेबल कुठेच नसतं. तुमचा प्रश्न तिथे बरोबर लागतो.

त्याच चिंपांझीची दुसरी बाजूही सांगायला हवी. हेपॅटायटिस सीचा विषाणू १९८९ साली सापडला तो लागण झालेल्या चिंपांझीच्या रक्तातून. दुसरा प्राणी नव्हता, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत तो वाढत नव्हता. पुढे पेशींत त्याचे भाग वाढवता आले, २००५मध्ये अख्खा विषाणू वाढवता आला आणि चिंपांझीची गरज संपत गेली. आज हेपॅटायटिस सी बरा करणाऱ्या गोळ्या मुख्यतः त्या पेशींच्या प्रयोगांतून आल्या.

रेबीजच्या निदानातही असंच झालं. संशयित मेंदूचा अर्क उंदरांच्या मेंदूत टोचून अठ्ठावीस दिवसांपर्यंत वाट बघायची पद्धत होती. आता पेशींवर ते चार-पाच दिवसांत होतं, उंदीर लागत नाहीत. उंदरांवर दया आली म्हणून हे घडलं असं मला वाटत नाही. पेशी वेगवान निघाल्या.

आमच्याकडचं विचाराल तर, टीबीच्या उंदरांचं वजन ठरल्या दिवशी होतं. पाचवा हिस्सा वजन उतरलं की तो उंदीर त्याच दिवशी भूल देऊन संपवायचा, प्रयोग अर्धवट राहिला तरी. मरेपर्यंत बघत बसायचं नाही. यावरून आमच्या प्राणीगृहाच्या प्रमुखांशी भांडणारे लोक मी पाहिलेत, आणि भांडणात ते हरलेलेच पाहिलेत.

तिसरी घंटा

उत्तर सरळ दिल्याबद्दल आभार. पटलं असं नाही म्हणणार, पण टेबल नसतं हे मान्य केलंत तेवढं पुरे.

कुतूहल

फ्लूसाठी फेरेटच का वापरतात? आणि डेंग्यूला? कारण आमच्या सरांनी सांगितलं की साध्या उंदराला डेंग्यू होत नाही.

जुना खडू

फेरेटचं मी सांगतो, डेंग्यू रानजाई सांगतील.

१९३३ साली लंडनला स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ फ्लूचं कारण शोधत होते. ससे, गिनीपिग, उंदीर, कुणालाच फ्लू होईना. फेरेट (मुंगसासारखं दिसणारं लहान जनावर) तिथे कुत्र्यांच्या डिस्टेंपर या रोगावरच्या कामासाठी आधीपासून होती. फ्लूच्या रोग्यांच्या घशातलं गाळलेलं पाणी त्यांच्या नाकात सोडलं, दोनच दिवसांत फेरेटं शिंकायला लागली, ताप, वाहणारं नाक. १९३६ साली तर तपासताना एक आजारी फेरेट संशोधकाच्या तोंडावर शिंकलं आणि त्याला फ्लू झाला. त्याच्या घशातून विषाणू परत मिळाला. कॉखचं गृहीतक उलट्या दिशेनेही सिद्ध झालं म्हणायचं.

कारण पुढे कळलं. माणसाच्या फ्लूचा विषाणू पेशीला ज्या साखरेला धरतो, ती साखर फेरेटच्या श्वासनलिकेत माणसासारखीच मांडलेली असते. शिवाय फेरेट शिंकतं, आणि शेजारच्या पिंजऱ्यात हवेतून फ्लू पसरवतं. उंदीर यातलं काही धड करत नाही. म्हणून 'हा विषाणू हवेतून पसरेल का' हा प्रश्न आला की फेरेट. बर्ड फ्लूचा एच५एन१ हवेतून पसरण्याजोगा होऊ शकतो का हे दोन गटांनी फेरेटांवरच दाखवलं, आणि २०१२ साली ते छापावं की नाही यावरून जगभर गदारोळ झाला.

हवेवरूनच आठवलं, टीबी हवेतून पसरतो हे नक्की कशावरून? १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात वेल्स आणि रायली यांनी सहा खाटांच्या टीबी वॉर्डातली सगळी हवा नळाने गच्चीवर नेली आणि तिथे दीडशेच्या आसपास गिनीपिग ठेवले. ते रुग्णाजवळ कधीही गेले नाहीत, फक्त त्यांची हवा श्वासात घेत राहिले. महिन्याला सरासरी तीनेकांना टीबी होत गेला. दुसऱ्या खोलीत तीच हवा अतिनील दिव्यांखालून नेली, तिथल्या गिनीपिगांना काही झालं नाही. इतकंच नाही, कुठल्या गिनीपिगला कुठल्या रुग्णाचा जंतू लागला हे औषधांना दाद देण्याच्या पद्धतीवरून जुळवलं. बहुतेक सगळी लागण मोजक्याच रुग्णांकडून होत होती, आणि औषध सुरू झालेल्यांकडून फारच कमी. गिनीपिग इथे रोगी नव्हताच, तो हवा मोजायचं यंत्र होता.

अर्धविराम

काका, हे मात्र लाजवाब. टीबीच्या वॉर्डात खिडक्या उघड्या ठेवा म्हणून आम्ही ओरडतो त्याचं मूळ इथे आहे तर.

रानजाई

डेंग्यू. विषाणू माणसाच्या पेशीत शिरला की पहिलं काम करतो ते इंटरफेरॉनचा, म्हणजे 'विषाणू आला' हे पेशींना कळवणाऱ्या प्रथिनाचा, इशारा बंद पाडायचं. त्यासाठी तो स्टॅट-२ नावाचं प्रथिन तोडून टाकतो. उंदराचं स्टॅट-२ थोडं वेगळं आहे, विषाणूला ते तोडता येत नाही. इशारा जातो, उंदीर विषाणूला चिरडतो. झिकाचंही असंच. म्हणून इंटरफेरॉनचे ग्राहीच, म्हणजे तो इशारा पकडणारे भागच, काढून टाकलेले उंदीर वापरतात. त्यांना डेंग्यू होतो, मरतातही. विषाणूविरोधी औषध विषाणू कमी करतं का हे बघायला उत्तम. पण लस तपासायला मला ते धोक्याचं वाटतं, कारण लशीला ज्या प्रतिकारशक्तीवर काम करायचं तिचा एक हातच आपण कापलेला असतो.

कोविडला थोडं वेगळं. साध्या उंदराच्या पेशीवरचं दार मूळ विषाणूच्या किल्लीला बसत नव्हतं. माणसाचं दार बसवलेले उंदीर २००७ पासून सार्ससाठी तयार होतेच, ते कामी आले. पण त्या उंदरांत विषाणू मेंदूतही पोचायचा आणि बरेच उंदीर त्यानेच मरायचे, फुप्फुसाने नाही. आकडा 'मृत्यू' म्हणून कागदावर आला की कशाने, हे वाचणाऱ्याने विचारायचं.

शून्यप्रहर

आणि जिथे काहीच चालत नाही तिथे थेट माणूस. टायफॉइडचा जंतू फक्त माणसालाच धरतो. उंदरात त्याचा चुलतभाऊ वापरतात, पण लस ज्या बाहेरच्या आवरणावर बेतलेली आहे ते आवरणच त्या भावाला नाही. म्हणून ऑक्सफर्डला स्वयंसेवकांना टायफॉइडचे जंतू पाजून लस तपासली, निकाल २०१७ साली. प्रतिजैविक हाताशी होतं म्हणून हे करता आलं. इबोलात कोण करणार?

पाणकोंबडा

पेनिसिलिनचं गिनीपिग प्रकरण कुणीच काढलं नाही अजून?

जुना खडू

काढा की, तुम्हाला माहीत दिसतंय.

पाणकोंबडा

ऐकीव आहे, चुकलं तर सांगा. २५ मे १९४० ला ऑक्सफर्डमध्ये आठ उंदरांना मारक जंतू टोचले, चारांना पेनिसिलिन दिलं. हीटली नावाचा माणूस रात्रभर बसून होता. पहाटेपर्यंत औषध न मिळालेले चारही मेले, बाकीचे चार जिवंत. त्या दिवशी उंदरांऐवजी गिनीपिग घेतले असते तर पेनिसिलिननेच मेले असते. एवढंच माहीत आहे.

रानजाई

बरोबर आहे, आणि गोष्ट पुढेही जाते. पेनिसिलिन गिनीपिगला विष म्हणून मारत नाही. आतड्यातले नेहमीचे जंतू मरतात आणि त्यांच्या जागी क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल माजतो. बरीच वर्षं 'गिनीपिगची खोड' म्हणून ते सोडून दिलं होतं. मग १९७०च्या दशकात प्रतिजैविकं घेतल्यावर काही रुग्णांना आतड्याचा भयानक दाह व्हायला लागला. तेव्हा हॅमस्टरला क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक देऊन नेमकं तेच घडताना पाहिलं आणि १९७८च्या सुमारास कारण सापडलं, हाच जंतू.

अर्धविराम

हे रुग्ण मी दर महिन्याला बघतो. गिनीपिगची खोड म्हणून सोडून दिलं होतं हे वाचून जरा चरकलो.

रानजाई, शेवटचं विचारतो. मॉक्सिफ्लॉक्सासिनने तोंडघशी पडल्यावर तुमच्याकडे बदललं काय? नुसतं 'उंदरात केसियम नाही' हे कळून उपयोग नाही.

रानजाई

बदललं. केसियम होणारी एक उंदराची जात आहे, सी३एचइबी नावाची, ती आता नेहमीच्या उंदरांच्या जोडीने वापरतात. क्लोफाझिमिन हे औषध नेहमीच्या उंदरात चांगलं चालतं, या उंदरात बरंच फिकं पडतं, आणि हे माणसांवर जायच्या आधी कळतं. औषध गाठीत कुठवर शिरतं हे फुप्फुसाच्या पातळ कापांवर थेट मोजतात. जंतू संपले का एवढ्यावर आम्ही आधीही थांबत नव्हतो, आताही नाही. औषध बंद करून तीन महिने थांबतो आणि मग किती उंदरांत आजार उलटला ते मोजतो; २०१४ साली माणसांत घात झाला तो तिथेच. गाठीचा प्रश्न फारच नाजूक असेल तर माकडं, पण ती थोडी, महाग, आणि तिसरी घंटा यांनी विचारलेलं सगळं तिथे दुप्पट जोराने लागू.

आणि मॉक्सी वाया गेलं नाही. रिफापेंटिन या रिफाम्पिसिनच्या भावंडाबरोबर ते चार महिन्यांत चालतं हे २०२१ साली माणसांत सिद्ध झालं. रिफापेंटिनचा रोजचा डोस किती जोरदार आहे, हे आधी उंदरातच दिसलं होतं.

अर्धविराम

मग पुढच्या वेळी उंदरांचा पेपर समोर आला की तीन गोष्टी बघेन: औषध कधी सुरू केलं, मोजलं काय, आणि थांबवल्यावर किती दिवस वाट बघितली.

शून्यप्रहर

चौथी जोडा: कोणते उंदीर कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं का. बऱ्याच पेपरांत तो उल्लेखच नसतो.